रिकाम्या घरांचे पत्ते

शिन्चू, ११ मार्च २०२४

यी-लिंग,

‘प्रिय’ हा शब्द मी गाळला आहे. ती लिहिण्याच्या ओघातली चूक समजू नकोस.

तुझं पाकीट मिळालं. जाड कागद, कंपनीचं सोनेरी चिन्ह, आत तुझं मोत्यासारखं अक्षर. अक्षर अजून तसंच आहे. म्हणजे शाळेतल्या सिस्टर ओडिलची मेहनत निदान एका बाबतीत फुकट गेली नाही. अकरा वर्षांनी तू मला ‘शू-च्वानताई’ अशी हाक मारलीस आणि पुढच्याच वाक्यात काम सांगितलंस. हेही तसंच आहे.

तर तुझं पुस्तक येतं आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका कशा लिहाव्यात, हे तू आता जगाला शिकवणार. दोन विद्यापीठांत ते लावणार आहेत म्हणतेस. आणि प्रस्तावना मी लिहावी, कारण ‘तुम्हीच मला हे काम शिकवलंत, ताई, आणि जुनं सगळं आता वाऱ्यावर सोडून द्यायला हवं.’ तू ताइपेला राहायला गेल्यापासून विसरलीस वाटतं. शिन्चूच्या वाऱ्यावर सोडलेली वस्तू हवेत विरत नाही, समोरच्याच्या गॅलरीत जाऊन पडते.

नमुन्यादाखल सहावं प्रकरण जोडलं आहेस: उदाहरणांत आयपी पत्ते कसे लिहावेत. मी ते दारातच, चपला न काढता वाचलं. विसाव्या पानावर हे वाक्य आहे: ‘आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी, वयोमानानुसार येणाऱ्या बेफिकिरीतून, उदाहरण म्हणून एक खराखुरा पत्ता छापला आणि समुद्रापलीकडच्या एका निरपराध संस्थेला त्याची किंमत मोजावी लागली.’

वयोमान. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते. तू आज बावन्न आहेस; चार वर्षांत तुझ्या वाट्याला काय येणार आहे ते लिहून ठेव.

नाव छापलं नाही, हा मोठेपणा तू पत्रात दोनदा सांगितलास. या गावात राउटरच्या पुस्तिका लिहिणारी ज्येष्ठ बाई एकच होती, आणि ती कुठल्या गल्लीत राहते हे बाजारपेठेत मांसाचे गोळे विकणाऱ्यालाही माहीत आहे. आजवर ही गोष्ट लोक चहा पिताना बोलायचे. लोक मरतात, चहा संपतो. पुस्तकात छापलं की पोरं ते परीक्षेत लिहितील. आणि वर माझी प्रस्तावना असली म्हणजे तो माझा कबुलीजबाबच झाला.

उत्तर: नाही.

वेन शू-च्वान


शिन्चू, ६ एप्रिल

यी-लिंग,

चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, आईच्या थडग्यावरचं गवत काढायला काओशुंगला गेले होते. मुळासकट उपटताना तुझी आठवण झाली. हे मी प्रेमाने लिहीत नाही.

तू माझ्या नकाराला फुलांची परडी पाठवलीस. ती खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिली. त्यांच्याकडे मांजर आहे, ते सगळं खातं. पण गवत उपटता उपटता मी विचार केला, आणि आता तुला एक संधी देणार आहे. त्याआधी जे घडलं ते एकदा सरळ ओळीत लिहून काढते. आपल्या धंद्यात पायऱ्या क्रमाने सांगाव्यात असा नियम आहे.

ज्या शुक्रवारी पुस्तिका छापायला गेली त्या शुक्रवारी मी काओशुंगच्या त्याच टेकडीवर होते, आईला माती देत होते. सहीच्या जागी चालणारा माझा नावाचा शिक्का ऑफिसात, टेबलाच्या वरच्या खणात. किल्ली तुझ्याकडे, मीच दिलेली. आपल्याकडे सगळेच तसं करतात. कुरिअर आलं, हजेरी राहिली, की शेजारच्याने खण उघडावा, शिक्का लाल शाईत दाबावा आणि मारावा. आपल्या बेटावरची माणसं नवऱ्याला बँकेचा पासवर्ड सांगणार नाहीत, पण नावाचा शिक्का शेजारणीच्या हवाली करून परदेशी जातील. मी वेगळी नव्हते. तू माझ्याच शाळेची, पंधरा वर्षांनी धाकटी, सिस्टर ओडिलच्याच हाताखालून गेलेली. तुझ्यावर विश्वास ठेवायला मला चौकशी करावी लागली नव्हती.

मी निघाले तेव्हा पान सत्तेचाळीस तयार होतं. राउटरने बरोबर वेळ कुठल्या सर्व्हरला विचारायची, त्याचा पत्ता कुठे टाईप करायचा, ते दाखवणारं चित्र. चौकटीत माझं उदाहरण: १९८.५१.१००.४४. तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की जगातले काही पत्ते आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांसाठी मुद्दाम राखून ठेवले आहेत. ती रिकामी घरं आहेत. तिथे कुणी राहत नाही, कधी राहायला येणारही नाही. वाचणाऱ्याने तोच पत्ता जसाच्या तसा उतरवून घेतला, तरी दार वाजेल ते रिकाम्या घराचं.

आणि वाचणारा उतरवून घेतोच. भांड्यांच्या दुकानदाराला, केस कापणाऱ्या बाईला ‘उदाहरणार्थ’ हा शब्द दिसत नाही. त्यांना चौकट दिसते. चौकटीत जे आहे ते टाकायचं आणि यंत्राच्या डोक्यावर शकुनाचं, मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवायचं, म्हणजे ते शहाण्यासारखं वागतं. आपले इंजिनियरसुद्धा ठेवायचे.

मग विक्री विभागाचे लुओसाहेब आले. त्यांचं काय झालं ते मला तू कधी सांगितलं नाहीस. त्यांनी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी, नगरदेवतेच्या देवळासमोर नूडल्स खाताना. निवृत्त झालेत, पोट तसंच आहे.

“वेनबाई, देवळासमोर बसलोय, खोटं बोलणार नाही. मी एवढंच म्हणालो की शेवटचे दोन्ही चार काढा, चाराचा उच्चार मरणासारखा. माणूस नवं दुकान टाकतो आणि आमची पुस्तिका त्याला चव्वेचाळीस दाखवते. बरं दिसतं का?”

“मग आठ कुणी आणले?”

“मीच. पण मी फक्त शेवटी शुभ आठ घाला म्हणालो. तुमच्या हाताखालची पोरगी म्हणाली, साहेब, शेवटीच कशाला, अख्खा पत्ताच शुभ करून देते. मला त्यातलं काय कळतंय? मी खूश झालो.”

“आणि माझा शिक्का?”

“वेनबाई, तुमच्या नूडल्स गार होतायत.”

तर तू आठांनी भरलेला पत्ता छापलास. तो मी इथे लिहिणार नाही. तो कुणाचा तरी आहे, आणि मी पत्रातसुद्धा लोकांचे पत्ते उघडे टाकत नाही. १९८.५१.१००.८८ लिहायचं होतंस, यी-लिंग. चाराच्या जागी आठ, दोनदा. लुओसाहेब खूश, दुकानदार खूश, रिकामं घर रिकामंच. तुला एवढंही सुचलं नाही, आणि तू पुस्तक लिहितेस.

पुढचं तुला पाठ असेल. जपानमधून तक्रारी आल्या. व्यवस्थापकांनी मला बोलावलं. तू माझ्या शेजारी बसली होतीस, कारण मीच तुला आधाराला घेऊन गेले होते. त्यांनी छापखान्याचं पान पुढे सरकवलं.

“शिक्का तुमचाच ना?”

“हो, पण त्या दिवशी मी इथे नव्हते. माझी आई...”

“शिक्का तुमचाच ना?”

“हो.”

“मग झालं.”

तू मला पाण्याचा ग्लास दिलास. बोलायला तोंड उघडलं नाहीस. त्याच वर्षअखेरच्या जेवणात चेअरमनसाहेबांच्या देखत टेबलाटेबलावर अख्खी कोंबडी आली. ज्याच्याकडे तिचं तोंड त्याची नोकरी गेली, ही गंमत आजकाल कुणी करत नाही. मालक तोंड वर आभाळाकडे करून ठेवायला सांगतात. आपल्या टेबलावरची फिरती थाळी तू बोटाने फिरवलीस आणि कोंबडी माझ्यासमोर थांबली. “ताई, कोंबडीला काय कळतं,” म्हणून हसलीस. कोंबडीला कळलं नसेल. तुला कळलं होतं. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर मी निवृत्त झाले होते आणि माझी खुर्ची तुझ्याकडे आली होती.

आता संधी. विसाव्या पानावरचं ते वाक्य काढ. खरं लिही असंही मी म्हणत नाही, नुसतं काढ. तेवढं केलंस तर प्रस्तावना लिहीन, आणि ती गोड असेल. मला गोड लिहिता येतं, शाळेत त्याचं बक्षीस होतं.

वेन शू-च्वान


शिन्चू, १८ मे

यी-लिंग,

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. ‘ताई, त्यात कुणाचंच नाव नाही, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. गोष्टीला चूक करणारं कुणीतरी लागतंच ना? विद्यार्थ्यांना ती गोष्ट फार आवडते.’

आवडत असणारच. तू ती बरीच वर्षं सांगते आहेस म्हणजे.

बरं. गोष्टीला चूक करणारं माणूस लागतं. चुकीमुळे भोगणारं माणूसही लागतं, आणि त्याला तू ‘निरपराध संस्था’ म्हणून मोकळी झालीस. त्या संस्थेत ओनोदेरा नावाचे गृहस्थ होते. नोकरी सुटल्यावर पहिल्या वसंतात मी त्यांच्याकडे जाऊन आले. मला कुणी पाठवलं नव्हतं. कंपनीने त्यांच्या पत्रांना जी उत्तरं दिली ती तुझ्या भाषेतली होती. ती वाचून मला त्यांच्यापुढे मान खाली घालावीशी वाटली.

लहानसं बंदर आहे, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर. मच्छीमारांची सहकारी संस्था, रोज पहाटे माशांचा लिलाव. बाहेरगावचे खरेदीदार संगणकावरून बोली लावायचे. ती सगळी व्यवस्था ओनोदेरांनी एकट्याने, एका जुन्या यंत्रावर, सर्दीच्या औषधाच्या खोक्यावर बसून उभी केलेली. आणि एका सकाळपासून आपल्या बेटावरचे हजारो राउटर त्या यंत्राला विचारू लागले: किती वाजले? सेकंदासेकंदाला. कीलुंगपासून पिंगतुंगपर्यंतचे न्हावी, भांडीवाले, चहावाले. लिलावाच्या वेळी बोली पोचेनात. खरेदीदार मोठ्या बंदराकडे वळले. लिलावघर बंद पडलं ते पुन्हा उघडलं नाही.

माझ्यापुढे त्यांनी भाजलेला स्क्विड ठेवला. माझं जपानी वडिलांकडून ऐकलेलं, म्हाताऱ्या माणसांचं आहे; ते ऐकून त्यांच्या पत्नी तोंडावर हात धरून हसल्या. ते म्हणाले, “वेनसान, आधी मला वाटलं, कुणी हल्ला केलाय. मग कळलं, सगळ्या तैवानला आमच्याकडून वेळ विचारायची आहे. आयुष्यात एवढं महत्त्व कुणी दिलं नव्हतं.” मी हसले नाही. त्यांनीही हसू पुरं केलं नाही.

मी त्यांना पान सत्तेचाळीस माझं नाही हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग तुम्ही का आलात?” मी म्हणाले, “कारण ज्याचं आहे ते येणार नाही.” ते अजून नव्या वर्षाचं कार्ड पाठवतात. तुला पाठवत नाहीत, कारण तू असल्याचं त्यांना माहीत नाही. आता होईल.

आता कामाचं. सव्विसाव्या पानावर, सुरक्षित पत्त्यांच्या तक्त्यात, तू २०३.०.१३१ लिहिलं आहेस. राखीव आहे ते २०३.०.११३. आकड्यांची उलटापालट झाली आहे. तुझ्या तक्त्यातल्या त्या पत्त्यांवर खरी माणसं असू शकतात. सुरक्षित पत्ते शिकवणाऱ्या प्रकरणात असुरक्षित पत्ता, दोन विद्यापीठं, दर वर्षी नवी पोरं, आणि प्रत्येक पोराची पहिली पुस्तिका.

हे वाचून मी चहा केला आणि खुर्चीत बसून राहिले. काही न बोलणं किती सोपं होतं. वर्षा-दोन वर्षांत तुझं पुस्तक तुझ्याच पायावर पडलं असतं, आणि मला बोटही हलवावं लागलं नसतं. पण ते आधी पडलं असतं ते कुठल्यातरी ओनोदेरांच्या पायावर. तेव्हा मी लाल शाईने दुरुस्ती केली, बाजूला सही केली आणि तुझ्या संपादिका काओ यांना प्रत पाठवली. तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. तुझ्याशी माझं जे आहे त्यात तिसऱ्या माणसाचं दार वाजता कामा नये.

प्रस्तावना मी लिहीन. कारण विचारू नकोस. गोष्टीला प्रस्तावनाही लागते.

वेन शू-च्वान


शिन्चू, ३० जून

यी-लिंग,

सोबत प्रस्तावना, दीड पान. जास्त लिहिली नाही. सांगायच्या गोष्टी दोन असल्या की परिच्छेदही दोनच असावेत.

ती तू वाच. पुन्हा लिहिते, कारण महत्त्वाची सूचना वेगळ्या ओळीत द्यावी असं तुझ्याच पुस्तकात आहे:

शिक्का मारण्यापूर्वी पूर्ण वाच.

त्या ज्येष्ठ बाईंबद्दलही तिच्यात लिहिलं आहे. तुला बदल हवा असेल, किंवा ती नको असेल, तर तसं कळव. मी का-कू न करता परत घेईन. तुझ्या शिक्क्यानंतर मात्र मी तिला हात लावणार नाही, आणि कुणाला लावू देणार नाही. दुसऱ्याच्या शिक्क्याखालचं पान बदलणं ही ज्यांची पद्धत आहे त्यांची ती असो.

सिस्टर ओडिलना शनिवारी वृद्धाश्रमात भेटले. शहाऐंशी पूर्ण झाली. डोळ्यांना भिंग लागतं, पण वाचन सोडलेलं नाही. माझ्यासमोर औषधाच्या बाटलीवरचा कागद शेवटपर्यंत वाचला, छापखान्याच्या नावासकट. वर्गात पानाच्या मध्येच थांबणाऱ्या मुलीला त्या पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावायच्या. तुला किती वेळा लावलं होतं ते त्यांना अजून आठवतं. प्रकाशनाला येणार आहेत म्हणाल्या. ‘तुम्ही दोघी एका पुस्तकात,’ म्हणाल्या, आणि माझा हात धरून बसल्या.

वेन शू-च्वान


शिन्चू, ९ जुलै

यी-लिंग,

काल तू फोन केलास. फोनवरचं बोलणं विसरलं जातं, म्हणून ते लिहून तुला परत पाठवते आहे. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू: “ताई, प्रस्तावना आली. दीडच पान? मला वाटलं, रडवाल.”

मी: “वाचलीस का?”

तू: “अहो, तुम्ही लिहिलीय म्हणजे चांगलीच असणार. आणि खरं सांगू? प्रस्तावना कोण वाचतं? नाव बघतात.”

मी: “तू वाच. त्यात तुझ्याबद्दल आहे.”

तू: “मग तर लाजच वाटेल मला. आणि आठवडाभर मी सिंगापूरला आहे. शिक्का काओकडेच ठेवलाय, ती मारेल.”

मी: “काओ तुला दोनदा विचारते आहे म्हणे, एकदा बघून घ्या म्हणून.”

तू: “ती पोरगी घाबरट आहे. मी तिला लिहूनच टाकलं, सगळीकडे मार. ताई, एक कल्पना. प्रकाशनाला सिस्टरनी तुमचीच प्रस्तावना वाचून दाखवली तर? शाळेच्या सभागृहात, चेअरमनसाहेबांसमोर. दोन विद्यार्थिनी, एक गुरू. फोटो काय येईल.”

मी: “ही कल्पना तुझी आहे.”

तू: “माझीच. कशी आहे?”

मी: “चांगली आहे. आधी वाच.”

तू हसलीस आणि फोन ठेवलास. या पत्राने तुला तिसऱ्यांदा सांगितलं. उत्तर आलं नाही तर ते माझ्या हिशेबी ‘वाचलं’ असं धरलं जाईल.

वेन शू-च्वान


शिन्चू, २३ सप्टेंबर

यी-लिंग,

काल मी शेवटच्या रांगेत होते, पडद्याजवळ, जिथून आपण दोघी, आपापल्या काळात, प्रार्थना चुकवायचो. तू मंचावर होतीस, म्हणून तुला स्वतःचा चेहरा दिसला नाही. मला दिसला. तेवढ्यासाठी हे पत्र.

भाषण छान झालं. ‘वाचकाला गृहीत धरू नका, प्रत्येक ओळ तपासा.’ चेअरमनसाहेबांनी मान हलवली. निवृत्त लुओसाहेब पहिल्या टाळीला उठले आणि पोटामुळे बसताना वेळ लागला. मग दोन मुलींनी सिस्टर ओडिलना धरून माईकपाशी आणलं. तू खाली वाकून त्यांच्या कानात काहीतरी गोड बोललीस, हात जोडलेस, फोटोवाल्याकडे बघितलंस. त्यांनी भिंग काढलं.

त्यांची चिनी अजून तशीच आहे, बेल्जियमच्या खेड्यातून चालत आल्यासारखी, एकेक शब्द ठेवून. त्यामुळे सभागृहातल्या कुणालाही काही ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. पहिला परिच्छेद तुझ्या कौतुकाचा होता. ते कौतुक खरं आहे, तुझी मांडणी स्वच्छ आहे. तू मान तिरकी करून हसत होतीस. मग दुसरा आला.

“‘सहाव्या प्रकरणातील ज्येष्ठ सहकारी बाई मी आहे. माझं नाव वेन शू-च्वान. तो पत्ता मी लिहिलेला नाही. माझा शिक्का त्या पानावर उमटला तेव्हा मी दूर काओशुंगला आईला माती देत होते. शिक्का माझ्या खणात होता आणि खणाची किल्ली या पुस्तकाच्या लेखिकेकडे होती.’”

सिस्टर थांबल्या नाहीत. पानाच्या मध्ये त्या कधी थांबल्या आहेत? चेअरमनसाहेबांची हलणारी मान मात्र थांबली. तुझं हसू जागेवरच राहिलं, फक्त त्यातून तू निघून गेलीस. तू उठून माईकपाशी जायला एक पाऊल टाकलंस. सिस्टरनी भिंगावरून डोळे वर केले, आणि तू ते पाऊल मागे घेतलंस. बावन्न वर्षांची, कंपनीची उपाध्यक्षा.

“‘ज्यांचं लिलावघर त्या पानामुळे बंद पडलं, त्या श्री. ओनोदेरा यांनी आपलं नाव इथे लिहायला परवानगी दिली आहे. ते संस्था नव्हेत, गृहस्थ आहेत. लेखिकेने ही प्रस्तावना वाचून, मान्य करून, तिच्यावर स्वतःचा शिक्का मारला आहे. एवढा मोकळेपणा आमच्या धंद्यात विरळा. मी तिची आभारी आहे.’”

मग त्यांनी खालचं माझं नाव वाचलं, गाव वाचलं, तारीख वाचली. भिंग मिटलं. माईक तसाच चालू होता.

“यी-लिंग, उभी राहा.”

तू उभीच होतीस. तरी आणखी सरळ झालीस.

“हे तू छापण्याआधी वाचलं होतंस?”

मला तुझी कीव आली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. आली नाही. मी पडद्याला टेकून मोजत होते, तुझ्यापुढे किती दारं उघडी आहेत. दोन होती. ‘हो’ म्हणालीस तर कबुली. ‘नाही’ म्हणालीस तर प्रत्येक ओळ तपासायला शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या पुस्तकाचं पहिलं पान वाचलेलं नाही. दोन्हीकडे कुणी ना कुणी राहत होतं. रिकामं घर एकही नव्हतं.

“नाही, सिस्टर.”

आधी मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. शाळेतल्याच मुली असाव्यात. मग ते पुढे सरकत गेलं.

“मग बस,” सिस्टर म्हणाल्या, आणि मुलींचा हात धरून खाली उतरल्या. जाताना माझ्या रांगेशी थांबल्या. मला वाटलं, प्रस्तावनेबद्दल काही म्हणतील. त्या म्हणाल्या, “तुझी आई गेल्याचं तू मला कळवलं नव्हतंस.” एवढंच. त्यांना माझं वागणं आवडलं की नाही, ते मला कळलं नाही. मी विचारणार नाही.

रात्री तुझा फोन आला. रडत होतीस. चेअरमनसाहेब जेवायला थांबले नाहीत. विद्यापीठांपैकी एकाने पुढच्या सोमवारी ‘चर्चा’ ठेवली आहे. प्रकाशक म्हणतो, प्रती दुकानांत गेल्या, परत मागवायच्या तर मंजूर केलेलं प्रूफ चुकीचं होतं असं लेखिकेनेच लिहून द्यावं, म्हणजे न वाचता शिक्का दिल्याची पुन्हा कबुली. काओवर ढकलू पाहिलंस. पण तिच्याकडे ‘सगळीकडे मार’ हा तुझा निरोप आहे, आणि तो तिने मालकांना दाखवला. घाबरट पोरीने दाखवला.

“ताई, तुम्ही मला फसवलंत,” म्हणालीस. “मी ते पान पाहिलंसुद्धा नव्हतं. मी देशातही नव्हते. शिक्का दुसऱ्याने मारला. तुम्हाला माहीत होतं सगळं. तुम्ही तरी समजून घ्या, असं कसं माझ्या नावावर...”

मी फोन ठेवला. काही उत्तरं लिहून दिलेली बरी. तर सोबत अंतिम प्रूफाच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. उजेडात धर. खाली उजव्या कोपऱ्यात, माझ्या नावाच्या शेजारी, लाल चौकोन आहे.

शिक्का तुझाच ना?

मग झालं.

वेन शू-च्वान